मुलगा आंघोळीला गेला की घर तापायचं

तक्रार अशी होती. सकाळी सहाला हीटिंग सुरू व्हायचं, पाऊण तासात रेडिएटर हात लावून घेणार नाहीत इतके तापायचे, आणि मग हळूहळू गार पडायचे. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर २० अंश लावलेले, खोलीत कसेबसे १७, पडद्यावर ज्वाळेचं चिन्ह दिसतंय, म्हणजे खोली उष्णता मागतेय. पण स्वयंपाकघरातला बॉयलर ढिम्म. तासाभराने कधीतरी तो आपणहून पेटायचा. संध्याकाळी पुन्हा हाच खेळ. दुपारी मात्र केव्हाही बटण दाबा, हीटिंग शहाण्या मुलासारखं चालायचं.

मी लग्नाआधी भोसरीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं काढली आहेत. रिले, कॉन्टॅक्टर, लिमिट स्विच हे माझं जुनं गणगोत. तरीही या बिघाडाने आम्हाला सहा आठवडे आणि तीनशे पौंडांना नाचवलं, आणि उत्तर सापडलं ते माझ्या पॅनेलच्या अनुभवामुळे नाही, तर आईच्या कॅलेंडरवरच्या नोंदींमुळे. ते सगळं इथे क्रमाने मांडते आहे. इंग्लंडमध्ये टाकीवाल्या जुन्या घरात जे राहतात त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

घर आणि त्यातली मांडणी

घर रेडिंगच्या कडेला, अर्लीमध्ये, १९८०च्या दशकात बांधलेल्या वसाहतीतलं. नळ उघडला की तिथल्या तिथे पाणी तापवून देणारा कॉम्बी बॉयलर आमच्याकडे नाही. बॉयलर एकच, पण त्याला कामं दोन: रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून घर तापवायचं, आणि वरच्या मजल्यावरच्या कपाटातली नळाच्या पाण्याची टाकी तापवायची. तांब्याच्या या टाकीला इथे ‘सिलिंडर’ म्हणतात. ‘सिलिंडर वरच्या कपाटात आहे, टॉवेल तिथेच ठेव,’ असं मी आईला पहिल्या दिवशी म्हणाले तेव्हा ती चांगलीच दचकली. टॉवेलांशेजारी गॅसचा सिलिंडर कोण ठेवतं? तेव्हापासून आमच्या घरात ती टाकीच आहे, इथेही तसंच म्हणते. टाकीच्या पोटात तांब्याच्या नळीचं वेटोळं असतं. बॉयलरचं पाणी त्यातून फिरतं आणि भोवतालचं आंघोळीचं पाणी तापतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. ‘म्हणजे बंबच की! मधल्या नळीत निखाऱ्यांऐवजी गरम पाणी, एवढंच,’ आई म्हणाली. इतकी चांगली व्याख्या मला कुठल्या माहितीपत्रकात मिळालेली नाही.

बॉयलरमधून निघालेलं पाणी रेडिएटरकडे जायचं, टाकीकडे जायचं की दोन्हीकडे, हे एक तीन तोंडांचा व्हॉल्व ठरवतो. तोही त्याच कपाटात, पंपाच्या वर. त्याच्या डोक्यावर छोटी मोटर असते आणि डोक्यातून पाच वायरी बाहेर येतात. या मांडणीला हनीवेल कंपनीने दिलेल्या नावावरून सगळेच ‘वाय प्लॅन’ म्हणतात. तिचं भावंड म्हणजे ‘एस प्लॅन’: त्यात तीन तोंडांच्या एका व्हॉल्वऐवजी दोन साधे व्हॉल्व असतात, एक टाकीचा, एक रेडिएटरचा. हा फरक लक्षात ठेवा. आमच्या कथेतली सगळी भानगड त्या दोन भावंडांच्या अदलाबदलीतून झाली.

बाकी वेळापत्रक. कपाटाबाहेर भिंतीवर प्रोग्रामर आहे, त्यात गरम पाण्याच्या वेळा वेगळ्या आणि हीटिंगच्या वेगळ्या लावता येतात. आम्ही आळशीपणाने दोन्ही एकच ठेवल्या होत्या: सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते १०.

काय काय करून पाहिलं

आधी घरगुती उपाय. नवऱ्याने सगळ्या रेडिएटरमधली हवा काढली. दोनांतून थोडी फुसफुस झाली, बाकीच्यांतून लगेच पाणी आलं. थर्मोस्टॅटच्या जागेवर शंका घेतली, कारण तो जिन्याशी आहे. पण खोली थंड आहे हे तो पडद्यावर कबूल करत होता, त्यामुळे तो गुन्हेगार नव्हता. पंपाला हात लावून पाहिला. बॉयलर चालू असला की तो थरथरतो, बॉयलर बंद असला की काही वेळाने तोही शांत.

नोव्हेंबरच्या मध्याला एका स्थानिक कंपनीचा माणूस आला, सकाळी अकरा वाजता. त्याने प्रोग्रामरवर हीटिंगचं एका तासाचं बटण दाबलं. बॉयलर पेटला, दहा मिनिटांत खालचे-वरचे सगळे रेडिएटर तापले, तो चहा पिईपर्यंत काही बंद पडलं नाही. ‘सगळं ठीक आहे,’ म्हणून त्याने फेरीचे ९० पौंड घेतले. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता येत नाही. त्याने जे पाहिलं ते खरंच होतं. फक्त अकरा वाजताचं खरं होतं.

दोन आठवड्यांनी तोच पुन्हा आला, शुक्रवारी दुपारी. या वेळी त्याने अनुभवावरून निदान केलं: या मांडणीत व्हॉल्वचं डोकं फार वेळा जातं, आतला स्विच झिजतो, मग हीटिंग असं रुसतं. हे चूक नाही, वाय प्लॅनमध्ये पहिला संशय तिथेच घ्यावा. डोकं बदलायला पाणी काढावं लागत नाही, अर्ध्या तासात काम झालं, २१० पौंड. त्या रात्री हीटिंग दहा वाजेपर्यंत अखंड चाललं. आम्ही पांघरुणं कपाटात टाकली.

शनिवारी सकाळी नळाला कोमट पाणी. पाहतो तर जाताना त्या माणसाकडून गरम पाण्याचा स्विच बंदवर राहिला होता. नवऱ्याने तो पुन्हा वेळापत्रकावर टाकला. आणि शनिवारी संध्याकाळी पावणेपाचला रेडिएटर गार.

हा धागा त्याच क्षणी माझ्या हातात यायला हवा होता. गरम पाणी बंद होतं तोवर हीटिंग उत्तम, गरम पाणी सुरू केलं की हीटिंग आजारी. पण आम्ही नवीन डोकंच खराब निघालं का यावर वाद घालत बसलो. कंपनीला फोन केला तर त्यांनी जुनी मांडणी काढून कॉम्बी बसवण्याचा सल्ला दिला, तीन हजार पौंडांच्या वर खर्च सांगितला, आणि नवरा तो आकडा मनावर घ्यायला लागला.

आईच्या नोंदी

आई कऱ्हाडहून नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली होती, सहा महिन्यांसाठी. येताना कालनिर्णय घेऊन आली होती, आणि कऱ्हाडला ती त्यावर दुधाचा हिशेब लिहिते तसा इथे दुधाचा हिशेब नसल्याने तिचा हात शिवशिवत होता. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, ‘अगं, तुझा मुलगा आंघोळीला गेला की घर तापतं.’

मी हसले. चिरंजीव पंधरा वर्षांचे आहेत आणि शॉवरखाली वीस-वीस मिनिटं उभे असतात, त्यावरून घरात रोज वाद होतो. मला वाटलं आजी नातवाची बाजू घेतेय.

‘माझ्या आंघोळीने नाही तापत,’ ती पुढे म्हणाली. ‘मी बादलीभरच पाणी घेते. त्याच्याच आंघोळीने तापतं. लिहून ठेवलंय मी.’

तिने खरंच लिहून ठेवलं होतं. नोव्हेंबरच्या पानामागे, पेन्सिलीने:

‘सोम. ६ वा. सुरू. ६.५० बंद. माझी आंघोळ ७. काही नाही. त्याची ७.३०. पावणेआठला सुरू. ८.२० बंद.’

‘मंगळ. ६ सुरू. ६.४५ बंद. तो आज शाळेत उशिरा. आंघोळ ८.३०. पावणेनऊला सुरू.’

‘बुध. संध्या. ४ सुरू. ४.२५ बंद. ६ वा. भांड्यांना गरम पाणी भरपूर. सव्वासहाला सुरू.’

असे नऊ दिवस. रेडिएटरवर हात ठेवून, घड्याळ बघून, कुठलाही निष्कर्ष न काढता लिहिलेल्या नोंदी. कारखान्यात मी शिकाऊ मुलांना हेच शिकवायचे, आणि स्वतःच्या घरात मी स्वतः सहा आठवडे अंदाज लढवत होते.

बादलीचा मुद्दा तर सोन्यासारखा होता. टाकीत थंड पाणी तळातून शिरतं आणि गरम पाणी माथ्यावरून निघतं. टाकीचा थर्मोस्टॅट बाहेरून पट्ट्याने बांधलेला असतो, तळापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. आई एक बादली घेते, त्यात निम्मं पाणी थंड नळाचं. टाकीतून दहा-बारा लिटर निघाले तर तळाशी आलेलं थंड पाणी थर्मोस्टॅटच्या उंचीपर्यंत पोचतच नाही, त्याला काही कळत नाही. चिरंजीवांच्या वीस मिनिटांनी मात्र आमची १४० लिटरची टाकी अर्ध्याहून जास्त उपसली जाते. थर्मोस्टॅटच्या पाठीला थंड पाणी लागतं, तो ‘टक्क’ करतो, आणि बॉयलर पेटतो. टाकीसाठी. रेडिएटर त्याच्या जिवावर फुकट तापतात.

म्हणजे हीटिंगला स्वतःच्या हक्काने बॉयलर पेटवता येत नव्हता. टाकी थंड असेल तेवढा वेळच ते तिच्या पंगतीला बसून जेवत होतं.

करडी वायर काय बोलते

यापुढचं समजायला व्हॉल्वच्या वायरी बघाव्या लागतील. निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग, त्यांचं काही नाही. महत्त्वाच्या तीन: पांढरी, करडी, नारिंगी.

व्हॉल्वला वीज नसली की आतली स्प्रिंग त्याला टाकीच्या बाजूला धरून ठेवते. रेडिएटरचा रस्ता बंद, टाकीचा उघडा. त्यामुळे नुसतं पाणी तापवायचं असेल तर व्हॉल्वला काही करावंच लागत नाही. टाकीचा थर्मोस्टॅट परस्पर बॉयलर आणि पंपाला फेज देतो. खोलीला उष्णता हवी झाली की पांढऱ्या वायरीवर फेज येतो आणि मोटर व्हॉल्वला मध्यावर आणते, दोन्ही रस्ते उघडे. पण इथे एक खोच आहे. मध्यावर असताना व्हॉल्व स्वतः बॉयलरला काहीच सांगत नाही. बॉयलर पेटायचा हुकूम अजूनही टाकीच्या थर्मोस्टॅटकडूनच येतोय असं ही मांडणी धरून चालते, कारण दोन्ही रस्ते उघडे आहेत म्हणजे टाकीलाही उष्णता हवीच असणार.

आता टाकी तापली आणि खोली राहिली. त्या वेळी करड्या वायरीवर फेज यायला हवा. पांढरी आणि करडी दोन्ही जिवंत झाल्या की मोटर व्हॉल्वला पार दुसऱ्या टोकाला नेते, टाकीचा रस्ता बंद होतो, आणि त्या टोकाला पोचल्यावरच आतला छोटा स्विच दाबला जाऊन नारिंगी वायरीवर फेज येतो. नारिंगी वायर म्हणजे बॉयलर आणि पंपाचा हुकूम.

तर करडी वायर म्हणजे ‘गरम पाणी नको’ असं स्पष्ट सांगणारा फेज. बहुतेक यंत्रांत फेज म्हणजे ‘हवं’ आणि फेज नसणं म्हणजे ‘नको’. वाय प्लॅनमध्ये ‘नको’सुद्धा फेज देऊन बोलावं लागतं. गप्प राहिलात तर मौनं संमतिलक्षणम्: टाकीला अजून उष्णता हवी आहे असं समजून व्हॉल्व मध्यावरच थांबतो, टाकीचा थर्मोस्टॅट तर आता बॉयलरला हुकूम देत नाही, आणि घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत थंड पडतात. पॅनेलच्या धंद्यात वाढलेल्या मला ही कल्पना फार चातुर्याची वाटते, आणि थोडी खोडसाळही. एका व्हॉल्वची किंमत वाचवायला केलेलं चातुर्य आहे हे.

करड्या वायरीला हा ‘नको’ दोन ठिकाणांहून मिळू शकतो. एक, प्रोग्रामरकडून: गरम पाण्याची वेळ संपली किंवा स्विच बंद केला की तिथून. दोन, टाकीच्या थर्मोस्टॅटकडून: गरम पाण्याची वेळ चालू आहे, पण टाकी तापून झाली, तेव्हा. म्हणूनच टाकीचा थर्मोस्टॅट साधा बंद-चालू स्विच नसतो, त्याला तीन टोकं असतात. मधलं टोक थंडीत एकाला जोडलेलं असतं, ते बॉयलरकडे जातं; तापल्यावर दुसऱ्याला, ते करड्या वायरीकडे.

चार परीक्षा, हत्याराशिवाय

रविवारी दुपारी मी आईच्या नोंदी शेजारी ठेवून चार स्थिती एकेक करून लावल्या. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही.

पहिली: गरम पाणी चालू, टाकी थंड, हीटिंग बंद. बॉयलर पेटला, टाकी तापायला लागली, रेडिएटर गारच राहिले. म्हणजे व्हॉल्व आरामाच्या जागी नीट बसतो, अडकलेला नाही. दुसरी: दोन्ही चालू, टाकी अजून थंड. दोन्हीकडे उष्णता, छान. तिसरी: प्रोग्रामरवर गरम पाणी बंद, हीटिंग चालू. कपाटात घर्र घर्र झालं, काही सेकंदांनी खाली बॉयलर पेटला, रेडिएटर तापले.

तिसऱ्या परीक्षेत किती आरोपी सुटले बघा. खोलीचा थर्मोस्टॅट, पांढरी वायर, व्हॉल्वची मोटर, त्याच्या टोकाचा स्विच, नारिंगी वायर, पंप, बॉयलर, प्रोग्रामरकडून येणारा ‘नको’. सगळे निर्दोष. हे मी नोव्हेंबरमध्ये केलं असतं तर २१० पौंडांचं डोकं बदलावं लागलं नसतं. आणि जुनं डोकंही बहुधा चांगलंच होतं: अकरा वाजताच्या फेरीत, गरम पाण्याची वेळ नसताना, त्याच्यावरच हीटिंग नीट चाललं होतं.

चौथी: गरम पाणी चालू, हीटिंग चालू, टाकी तापलेली. टाकी तापायची वाट बघायची गरज नसते. थर्मोस्टॅटवर ६० अंश लावलेले होते, मी चकती फिरवत खाली आणली. पन्नासच्या थोडं अलीकडे ‘टक्क’ झालं. टाकीने आता ‘मला पुरे’ म्हणायला हवं होतं, आणि व्हॉल्वची घर्रघर्र ऐकू यायला हवी होती. कान लावून उभी राहिले. काही नाही. खाली बॉयलर विझला.

तिसऱ्या आणि चौथ्या परीक्षेत फरक एकच: करड्या वायरीला ‘नको’ कोण सांगतं. प्रोग्रामर सांगतो तेव्हा व्हॉल्व ऐकतो, टाकीचा थर्मोस्टॅट सांगतो तेव्हा ऐकत नाही. मग बिघाड एकतर थर्मोस्टॅटच्या करड्या वायरीकडे जाणाऱ्या टोकात, नाहीतर तिथून कपाटातल्या जोडपेटीपर्यंतच्या वायरीत. जेमतेम चार फूट.

इथे एक कबुली द्यायला हवी. आठवडाभर आधी मी जोडपेटी उघडून डिजिटल मीटरने करडी वायर मोजली होती, आणि मीटरने नव्वदच्या आसपास व्होल्ट दाखवले होते. ना २३०, ना शून्य. मी गोंधळून झाकण लावून टाकलं. एका टोकाला कुठेच न जोडलेली वायर असेल तर तिच्यावर शेजारच्या वायरींतून, व्हॉल्वच्या आतल्या भागांतून असले भुताटकीचे आकडे चढतात, आणि डिजिटल मीटर इतका कमी प्रवाह ओढतो की तो ते इमानदारीने दाखवतो. असा अधलामधला आकडा दिसला की वायर लोंबकळतेय असा संशय घ्यावा, हे मला माहीत असायला हवं होतं. इथले वायरमन दोन टोकांचा टेस्टर वापरतात, तो थोडा भार टाकतो आणि असली भुतं उतरवतो.

झाकणाखाली

हीटिंगच्या सगळ्या वायरींना मिळून एक स्विच असतो, त्यात तीन अँपिअरचा फ्यूज. तो बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवला, म्हणजे घरातलं कुणी चुकून चालू करणार नाही. टेस्टर आधी एका जिवंत जागी लावून चालतोय याची खात्री केली, मग टाकीच्या थर्मोस्टॅटचं झाकण काढून आत फेज नाही हे पाहिलं. झाकणाच्या आत तपकिरी वायर मधल्या टोकाला. काळी पहिल्या टोकाला. दुसरं टोक रिकामं. आणि करडी वायर मागे वळवून, काळी चिकटपट्टी गुंडाळून झाकणाच्या कोपऱ्यात दडपलेली.

मग ऑगस्ट आठवला. उन्हाळ्यात नळाचं पाणी चटका बसेल इतकं गरम यायला लागलं होतं. जुना थर्मोस्टॅट अडकला होता. ओळखीने एका हरहुन्नरी माणसाला बोलावून तो बदलून घेतला. एस प्लॅनमध्ये टाकीच्या थर्मोस्टॅटची दोनच टोकं वापरतात, कारण तिथे ‘नको’ सांगावं लागत नाही, व्हॉल्वची वीज गेली की तो आपोआप मिटतो. त्या माणसाचा हात त्या सवयीने गेला असावा: दोन वायरी जोडल्या, तिसरी कशाला ते कळलं नाही, पट्टी गुंडाळली. पाणी नीट तापायला लागलं, ज्या कामाला बोलावलं ते झालं. ऑगस्टमध्ये हीटिंग लावून बघायचं कुणाला सुचणार? ऑक्टोबरमध्ये थंडी इतकी कमी होती की सकाळचा पाऊण तास पुरायचा. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये तीन महिने गेले, आणि आम्ही थर्मोस्टॅट बदलल्याचं त्या कंपनीच्या माणसाला सांगितलंच नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

त्या चिकटपट्टीवरून माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्या कारणाने. वायरीचं दुसरं टोक जोडपेटीत प्रोग्रामरच्या ‘नको’ला जोडलेलं होतं. म्हणजे गरम पाण्याची वेळ नसेल तेव्हा, दिवसातले पंधरा तास, पट्टीखालचं ते उघडं तांबं २३० व्होल्टवर होतं. शेजारी टॉवेल.

पट्टी काढली, वायर नीट सोलली, थर्मोस्टॅटच्या रिकाम्या टोकात घालून स्क्रू आवळला. काम दोन मिनिटांचं. झाकण लावून फ्यूज घातला, आणि चौथी परीक्षा पुन्हा. चकती खाली फिरवली. टक्क. बॉयलर विझला. मग व्हॉल्वची घर्रघर्र, मी मनात अंक मोजत होते, आणि दहाच्या आत खाली बॉयलर पुन्हा पेटला. चकती परत ६० वर आणायला विसरू नका; टाकीत पाणी त्याहून बरंच कमी ठेवलं तर लेजिओनेला या फुप्फुसाचा गंभीर आजार करणाऱ्या जंतूंना आवडणारं तापमान मिळतं.

हे काम मी केलं कारण माझा हात त्यात बसलेला आहे. बॉयलरच्या झाकणाला मात्र मी बोट लावलं नाही, आणि लावणार नाही. गॅसच्या उपकरणावर काम करणाऱ्याचं नाव गॅस सेफ रजिस्टरवर असावं लागतं, पूर्वी ही नोंदणी कॉर्गी नावाच्या संस्थेकडे होती, २००९ पासून गॅस सेफकडे आली. वायरींना हात लावायचा नसेल तर निदान चारही परीक्षा स्वतः करा आणि निकाल कागदावर लिहून येणाऱ्या माणसाच्या हातात द्या. त्या परीक्षांना प्रोग्रामरची बटणं आणि थर्मोस्टॅटची चकती सोडून काही लागत नाही.

तुमच्याकडे नमुना थोडा वेगळा निघेल. तिसरी आणि चौथी दोन्ही परीक्षांत घर्रघर्र ऐकू येते पण बॉयलर पेटत नाही, तर मात्र व्हॉल्वच्या टोकाच्या स्विचवर संशय घ्या, म्हणजे त्या कंपनीच्या माणसाचं निदान. चौथीत हीटिंग चालतं आणि तिसरीत नाही, तर आमच्या उलट: प्रोग्रामरकडचा ‘नको’ तुटलाय. प्रोग्रामर नुकताच बदलला असेल, विशेषतः फोनवरून चालणारा नवा बसवला असेल, तर तिथली ती एक वायर जोडायची राहिलेली असू शकते. पहिल्या परीक्षेतच रेडिएटर तापत असतील तर व्हॉल्व अडकला असण्याची शक्यता जास्त, वायरींच्या आधी तो बघा. आणि सगळं बंद असूनही व्हॉल्वचं डोकं हाताला उबदार लागलं तर घाबरू नका. हीटिंगची वेळ संपली आणि गरम पाणी बंदच असेल तर करडी वायर जिवंत राहते आणि मोटर व्हॉल्वला टोकाशी धरून उभी असते. ती या मांडणीची खोडच आहे. आमच्या शेजाऱ्यांनी तेवढ्यासाठी एकदा डोकं बदलून घेतलं होतं.

कंपनीला मी एक पत्र लिहिलं, भांडायला नाही, नमुना काय होता ते कळवायला. त्यांनी डोक्याचे पैसे परत केले नाहीत, पण तो माणूस स्वतः फोन करून म्हणाला की यापुढे मी अकरा वाजता आलो तरी गरम पाणी चालू करून बघेन. कॉम्बीचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. चिरंजीवांचं मात्र नुकसान झालं. दोन दिवस ते ‘मी आंघोळ करतो म्हणून तुम्हाला ऊब मिळते’ या युक्तिवादावर मजेत होते.

आईला मी करड्या वायरीचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, हात रेडिएटरवर ठेवून, डिसेंबरच्या पानामागे लिहिलं: ‘सोम. ६ सुरू. ७.२५ अजून गरम. आंघोळीला कुणीही नाही.’